बीजीएमआय लीगसाठी टीम उतरवताना कप्तानाने करायची तयारी

दुसरा कॉलर, म्हणजे मॅचमध्ये हुकूम देणारा दुसरा माणूस, ठरवल्याशिवाय बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, चौघांच्या टीमने मोबाइलवर खेळायचा लढाईचा गेम) लीगचा फॉर्म भरू नका. कुठे उतरायचं, गाडी कधी काढायची, कुठला कंपाउंड (घरांचा आवार) घ्यायचा हे सगळं आयजीएलच्या (इन-गेम लीडर, खेळात निर्णय घेणारा) तोंडून येतं आणि आपल्याकडच्या टीममध्ये आयजीएल बहुतेक वेळा कप्तानच असतो. तो आवाज मध्येच बंद पडला तर पुढचा शब्द कोणाचा? गेल्या पावसाळ्यात आमचं हे ठरलेलं नव्हतं. लीगच्या शेवटच्या दिवशी, एरंगेल नकाशावर चौथा झोन (आकसत जाणारं सुरक्षित वर्तुळ, बाहेर राहिला तो मरतो) चालू असताना, आमच्या वाड्यावर तारेवर माडाची झावळ पडली. लाईट गेली, वायफाय गेलं. मी मोबाइल डेटावर परत येईपर्यंत तिघे एका घरात माझी वाट बघत थांबलेले होते. तिघांचाही नेम माझ्यापेक्षा चांगला. फक्त 'निघा' कोणी म्हणायचं ते माहीत नव्हतं. झोन त्यांच्या अंगावरून गेला आणि मॅच तिथेच संपली. म्हणून ही यादी.

नोंदणीचं थोडक्यात. कॅरेक्टर आयडी हाताने टाइप करू नका, प्रत्येकाकडून कॉपी करून घ्या. एक आकडा चुकला तर तो खेळाडू बाहेर. लीग संपेपर्यंत इन-गेम नाव कोणी बदलायचं नाही. नियम स्वतः पूर्ण वाचा, विशेषतः वयाची अट, टॅबलेट चालतो की नाही आणि स्क्रीन रेकॉर्डिंग मागतात का. रोस्टर (खेळाडूंची यादी) लॉक व्हायच्या आधी पाचवा खेळाडू त्यात हवाच. 'लागला तर बघू' असं म्हणणाऱ्या टीमला नेमका तोच लागतो, आणि तेव्हा आयोजक ऐकत नाहीत.

टीममध्ये कोणी अठरा वर्षांखालचा असेल तर नीट ऐका. 2021 मध्ये हा गेम आला तेव्हापासून अठराखालच्यांना दिवसाला 3 तासांची मर्यादा आहे. एक मॅच साधारण अर्ध्या तासाची, आणि दिवसाला सहा मॅच असल्या की त्यातच 3 तास होतात. म्हणजे मॅचच्या दिवशी त्याने सकाळी वॉर्म-अप म्हणून दोन क्लासिक (लीगबाहेरच्या साध्या मॅच) खेळल्या, तर शेवटच्या दोन मॅचला तुम्ही तिघेच. त्याला त्या दिवशी गेम उघडायचाच नाही असं सांगा. सांगून भागत नाही, पुन्हा सांगा.

त्याच्या घरीही जाऊन या. 'बंदी आली ना यावर?' हा प्रश्न येतोच आणि उत्तर कप्तानाने द्यायचं असतं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. ई-स्पोर्ट्सना त्याच कायद्यात मान्यता आहे. स्पर्धेची नोंदणी फी आणि कामगिरीवर मिळणारं बक्षीस चालतं, पैज चालत नाही. आई-वडिलांना हा फरक शांतपणे समजावला की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं म्हणजे मॅचच्या वेळी त्याला दुकानात पाठवू नका, ही विनंती.

वेळापत्रक आलं की गोव्याचं कॅलेंडर शेजारी ठेवा. चवथीला (गणेश चतुर्थीला) पणजी-मडगावात राहणारी पोरं गावच्या घरी जातात. माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची सजावट) बांधायच्या दिवशी कोणी हेडफोन घालून बसणार नाही आणि बसूही नये. नरकासुराच्या रात्री (दिवाळीच्या आदल्या रात्री) वाड्यावरचं एकही पोर घरी नसतं, दुसऱ्या दिवशी सगळी झोपेत. गावोगावच्या जत्रा वेगळ्या. वेर्ण्याला कारखान्यात शिफ्ट असलेल्याची पाळी दर आठवड्याला विचारा. हॉटेलात काम करणारा डिसेंबरात मिळेल असं धरूच नका. चोडणचा खेळाडू असेल तर कामावरून सुटल्यावर फेरीला लागणारा वेळही धरा. एक मुलगा होडीवर उभा राहून लॉबीत यायला बघत होता, नदीत मध्यावर रेंज गेली.

आता सराव, आणि पुन्हा तोच विषय. दुसरा कॉलर कोण असावा? टीममधला सगळ्यात चांगला असॉल्टर नको. तो पुढे घुसतो, आधी पडतो, आणि पडलेला माणूस नकाशा बघत नाही. मागे राहणारा, सपोर्ट खेळणारा, कमी बोलणारा चालेल, पण बोलला की ठाम बोलणारा हवा. आणखी एक गोष्ट, जी मोठ्या शहरातल्या टीमला सुचणार नाही: तो तुमच्या गावचा नको. तुम्ही डिचोलीचे असाल तर तो म्हापशाचा किंवा फोंड्याचा बघा. एकाच लाईनवरचे दोघे असले तर एकाच झाडाने दोघेही जातात. सिम कार्डही दोघांची वेगळ्या कंपनीची हवीत.

नाव ठरवून थांबू नका, त्याचा सराव घ्या. स्क्रिममध्ये (दुसऱ्या टीमबरोबरच्या सराव मॅचमध्ये) अधूनमधून, न सांगता, तिसऱ्या झोननंतर कप्तानाने माइक बंद करायचा आणि हात फोनवरून उचलायचा. काय होतं ते कान देऊन ऐका. पहिल्या वेळी सगळे 'अरे, आहेस मरे?' विचारत राहतात आणि त्यात एवढा वेळ जातो की समोरची टीम पूल पार करून येते. नियम असा ठेवा: दोनदा हाक मारून उत्तर नाही आलं की दुसऱ्याने 'कॉल माझा' म्हणायचं आणि त्यानंतर कप्तानाला कोणीही हाक मारायची नाही. तुमचं कॅरेक्टर गेममध्ये उभंच असतं. त्याच्यासाठी थांबायचं की सोडून निघायचं हेही दुसराच ठरवेल. आणि सगळ्यात अवघड भाग तुमचा. परत जोडले गेलात तरी ती मॅच संपेपर्यंत कॉल घ्यायचा नाही. गप्प राहून तो म्हणेल तिकडे जायचं. दोन आवाज झाले की टीम दोन्ही बाजूंनी फुटते. हा सराव घ्याच. दुसऱ्या कॉलरचं नाव नुसतं ग्रुपवर लिहून काही होत नाही.

त्याला गुणांचा तक्ताही पाठ हवा. बहुतेक लीगमध्ये पहिल्याला 10, मग 6, 5, 4, 3, 2, 1, 1 आणि नवव्यापासून शून्य. प्रत्येक फिनिशचा (मारलेल्या शत्रूचा) एक. सोळा टीममधल्या अर्ध्यांना जागेचा एकही गुण मिळत नाही. म्हणून शेवटच्या मॅचला तुम्ही टेबलात कुठे आहात त्यावर लढायचं की लपायचं हे ठरतं. ते गणित फक्त कप्तानाच्या डोक्यात असेल तर तो गेला की गणितही गेलं.

उतरायची जागा एरंगेलवर एक आणि मिरामारवर (गेममधला दुसरा नकाशा) एक पक्की करा, आणि दुसरी टीम तिथेच उतरते का ते स्क्रिममध्ये बघून ठेवा. जागेसाठी हट्ट धरून पहिल्या पाच मिनिटांत चौघे गमावण्यात काही अर्थ नाही. हरलेल्या मॅचची रेकॉर्डिंग सगळ्यांनी मिळून बघायची. चुकलेल्याला ग्रुपवर झापायचं नाही, वेगळा फोन करा.

साधनं. राउटरला छोटा यूपीएस घ्या, पावसाळ्यात ती चैन नाही. डेटा पॅक आदल्या दिवशी मारा आणि एक पूर्ण स्क्रिम फक्त डेटावर खेळून बघा. मोठा वेळ लाईट गेली की टॉवरही मान टाकतो, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम. फोन चार्जिंगला लावून खेळू नका, तापला की फ्रेम पडतात. गेमचा अपडेट आदल्या रात्री. तारेचे हेडफोन.

मॅचच्या दिवशी: रूम आयडी आणि पासवर्ड थोडाच वेळ आधी येतो, तो बघायला एक माणूस नेमा. आपल्याच स्लॉटवर (टीमला दिलेल्या नंबरावर) बसा. जेवून बसा. सुरू व्हायच्या आधी दुसऱ्या कॉलरकडून मोठ्याने वदवून घ्या की कॉल गेला तर तो घेणार.

नंतर: निकालाच्या पडद्याचा स्क्रीनशॉट लगेच, हरकत असेल तर मुदतीत. बक्षीस आलं तर पॅन आणि बँकेचा तपशील मागतील. वाटणी आधीच लिहून ठेवलेली असू दे, पाचव्याचा वाटा धरून.