शब्बाथची सायंप्रार्थना आणि सहभोजन मोकळ्या आकाशाखाली

शुक्रवारी सायंकाळी मंडळीने सिनेगॉगबाहेर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराबाहेर, जमून शब्बाथचे, म्हणजे सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचे, स्वागत करायचे ठरवले असेल, तर आयोजकांनी सर्वप्रथम सूर्यास्ताची वेळ पाहावी, कारण त्यानंतर काहीही उभारता किंवा पेटवता येत नाही. मांडव, छत्र्या आणि दिवे दिवसाउजेडीच लावून घ्यावेत.

जागा निवडताना सावलीपेक्षा कुंपणाला अधिक महत्त्व द्यावे. शब्बाथला सार्वजनिक जागेत वस्तू वाहून नेण्यास मनाई असल्यामुळे प्रार्थनापुस्तक, जेवणाचा डबा, घराची किल्ली, इतकेच नव्हे तर तान्ह्या बाळाला कडेवर घेणे हाही प्रश्न होतो. बंदिस्त अंगण मिळाल्यास काम सोपे होते. अन्यथा दोऱ्या-खांबांची हद्द, म्हणजे एरुव, लागतो आणि दोन्ही ठिकाणी रब्बींचा, म्हणजे धर्मगुरूंचा, निर्णय आधीच घ्यावा.

मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या किमान संख्येसाठी, दहा प्रौढ लागतात; स्त्रियांची गणना करायची की नाही, हे मंडळीच्या प्रथेप्रमाणे ठरते. शुक्रवारी सायंकाळी तोराचे, म्हणजे पवित्र धर्मग्रंथाचे, वाचन नसल्याने त्याची गुंडाळी बाहेर आणण्याची जोखीम घ्यावी लागत नाही. खुर्च्या जेरुसलेमच्या दिशेला मांडाव्यात, परंतु दोन ओळींमध्ये माणूस सहज वळेल इतके अंतर ठेवावे. १६व्या शतकात गालीलमधील सफेद या शहरातले ज्ञानी शब्बाथच्या स्वागतासाठी शेतात जात असत आणि त्याच शहरात श्लोमो अल्काबेत्स यांनी ‘लेखा दोदी’ हे शब्बाथच्या स्वागताचे गीत रचले. त्याच्या शेवटच्या कडव्याला सारे उभे राहून दाराकडे वळतात. उघड्यावर दार नसते, म्हणून मावळतीकडे वळावे. हे कडवे भिंतींच्या आत म्हणण्यापेक्षा असे म्हणणे मला नेहमीच अधिक खरे वाटते.

मेणबत्त्या सर्वसाधारणपणे सूर्यास्तापूर्वी १८ मिनिटे लावतात. वाऱ्याने विझलेली ज्योत पुन्हा पेटवता येत नसल्याने त्या उंच काचेत ठेवाव्यात.

जेवण संपूर्णपणे मांसाचे किंवा संपूर्णपणे दुधाचे ठेवावे. घरोघरच्या पदार्थांमुळे कोशर, म्हणजे आहाराच्या धार्मिक, नियमांबद्दल शंका येऊ नये, म्हणून स्वयंपाक एकाच देखरेखीखाली व्हावा. थंड खाता येतील असे पदार्थ निवडले, तर ते गरम ठेवण्याची अडचण राहत नाही. द्राक्षरसावर किद्दूश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, झाल्यावर भाकरीपूर्वीचे हात धुणे येते आणि येथेच बहुतेक ठिकाणी चूक होते: हातांवरून ओतलेले पाणी गवतावर पडले, तर ते झाडांना पाणी घालणे ठरते, आणि शब्बाथला ते वर्ज्य आहे. ‘शुल्हान आरुख’ या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात बागेत जेवणाऱ्यांना याबाबत स्पष्ट ताकीद आहे. म्हणून टेबलावर रुंद घमेले ठेवावे, दोन मुठींचे भांडे पाण्याने भरून शेजारी ठेवावे आणि प्रत्येकाने घमेल्यावरच हात धरावेत. हात धुतल्यापासून भाकरीचा घास घेईपर्यंत कोणी बोलत नाही. त्यामुळे कापडाखाली झाकलेल्या दोन अखंड भाकऱ्या आणि मीठ हाताशीच असू द्यावे.

भोजनोत्तर आशीर्वाद म्हटल्यावर उरलेले अन्न झाकून आत ठेवावे. मांडव व टेबले मात्र शनिवारी रात्री तारे दिसल्यानंतरच हलवावीत.