माळ्यावरचा जुना मिक्सर सुरू करण्याआधी

जुना मिक्सर माळ्यावरून काढला की लगेच प्लग लावू नका. आधी वायर बोटांनी वाकवून पाहा, विशेषतः ती मिक्सरच्या बुडात शिरते तिथे. रबर कडक होऊन भेगा पडल्या असतील तर चिकटपट्टीवर भागवू नका, अख्खी वायरच बदला. बॉडी धातूची असेल तर तीन पिनांची, अर्थिंगसकट. मग रिकामाच अर्धा मिनिट फिरवा. जाळीतून बारीक निळसर ठिणग्या दिसतील, कार्बन ब्रशचं, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांचं, ते नेहमीचंच. पण ठिणग्या मोठ्या, पिवळ्या आणि सोबत जळका वास असेल तर बहुधा ब्रश झिजलेत. ते बदलून मिळतात. एवढ्यासाठी दणकट मोटर भंगारात घालणं म्हणजे करंटेपणा. भांड्याच्या झाकणाची रबरी रिंगही तेव्हाच बदलून टाका.