‘आमचा ससा खुनशी झालाय’ म्हणण्याआधी या चुका टाळा

“चार महिने कसा गरीब होता, आता हात घातला की चावतो.” ससा पाळणाऱ्यांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचा प्रश्न आपोआप तोंडातून निघतो: हात कुठे घातला? उत्तर ठरलेलं. पिंजऱ्यात.

अहो, पिंजऱ्याचे पैसे तुम्ही दिलेत, पण घर त्याचं आहे. पाळीव ससा हा युरोपातल्या बिळं करून राहणाऱ्या रानसशाचा वंशज. तिथे बीळ बहुधा मादी खणते आणि त्यासाठी कडाकडा भांडते, म्हणून ‘मादी आहे, शांत असेल’ हा हिशोबही चुकतो. त्यात सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण ऐन नाकासमोरचं दिसत नाही. त्याने वास घ्यावा म्हणून तुम्ही प्रेमाने हात पुढे करता, त्याच्या लेखी कुठूनतरी काहीतरी अंगावर येतं. आधी गुरगुर, मग पुढच्या पायांची चापट, तरी कळलं नाही तर दात.

मी पिंजरा साफ करते तो ससा बाहेर बागडत असताना. आत हात घालावाच लागला तर बाजूने नेऊन आधी कपाळावर ठेवते, मग वाटी उचलते. आणि सगळं एकदम धूत नाही. ट्रेमध्ये मूठभर जुनं गवत राहू देते. चकचकीत करून त्याचा वास घालवलात, की तो कोपऱ्याकोपऱ्यात लेंड्या टाकून आपली पाटी पुन्हा लावतो, आणि तुम्ही म्हणता शिकवलेलं विसरला.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. माझा ससा बंड्या एकटा कंटाळतो, म्हणून ढमी ही मादी आणली आणि थेट त्याच्या खोलीत सोडली. मिनिटभर हुंगाहुंगी. मग कान मागे, शेपट्या वर, आणि दोघं एकमेकांच्या शेपटीमागे भोवऱ्यासारखे गरगर फिरायला लागले. खोलीभर केसांचे पुंजके. मी मध्ये हात घातला. अंगठ्यावरचा व्रण अजून आहे, आणि ढमीचा कान थोडक्यात वाचला.

त्यानंतर दीड महिना मध्ये जाळी. रोज दोघांची पांघरुणं अदलाबदल, गवत जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ. मग पहिली भेट न्हाणीघरात, कारण तिथे दोघांपैकी कुणाचीच सत्ता नव्हती. दहा मिनिटं, हाताशी जाड टॉवेल. हळूहळू वेळ वाढवली. ‘गाडीत बसवून एक चक्कर मारा, घाबरून चिकटतात’ असा सल्ला मला अनेकांनी दिला. चिकटतातही. घरी आल्यावर भीती उतरते आणि भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

नसबंदी टाळून हे सगळं करू पाहणाऱ्यांना माझा नमस्कार. साधारण तीन ते सहा महिन्यांत ससा वयात येतो आणि मुताच्या पिचकाऱ्या, पायांना बिलगणं, डाफरणं सुरू होतं. नसबंदीनंतरही हार्मोन्स उतरायला काही आठवडे लागतात. दुसऱ्याच आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणू नका. नर तर त्यानंतरही काही आठवडे पिल्लं देऊ शकतो, तोवर मादी वेगळीच ठेवा. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग पुष्कळ दिसतो. शस्त्रक्रिया मात्र सशांची सवय असलेल्या डॉक्टरकडूनच.

बाकीच्या चुका झटपट. हवेत उडी मारून अंगाला पीळ दिला, तर तो फिटचा झटका समजू नका, स्वारी खुशीत आहे. याला ‘बिंकी’ म्हणतात. धपकन कुशीवर पडून डोळे मिटले तर निवांत आहे (पहिल्यांदा मी बंड्याला गदागदा हलवलं होतं, त्याने दोन दिवस पाठ फिरवून ठेवली). खुर्चीला हनुवटी घासतो ती खाज नव्हे. तिथल्या ग्रंथींचा वास लावून तो खुर्ची आपल्या नावावर करतो, आणि लेंड्यांच्या तुलनेत हे फारच सभ्य आहे, करू द्या. मागचा पाय आपटला तर रागवू नका, त्याला धोका जाणवलाय. पायांभोवती गुणगुणत फेऱ्या मारतो तेव्हा लाडात असतो, पाऊल जपून टाका. वायर कुरतडली म्हणून चापट मारणाऱ्यांनी आधी वायरवर नळी चढवावी.

आणि दर वेळी ‘हद्दीचं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. चिडका झालाय, खेळत नाही, दात मोठ्याने करकरा वाजवतोय, अंग चोरून बसलाय, तर दुखत असेल. खाणं किंवा लेंड्या थांबल्या असतील तर उद्यापर्यंत वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.