वेत्तर्न तलाव बघायचा असेल तर असा बघा

स्वीडनला कुणाकडे गेलात आणि हातात दोन-तीन दिवस मोकळे असतील तर वेत्तर्न बघाच, देशातला दुसऱ्या नंबरचा तलाव, उत्तर-दक्षिण साधारण 135 किमी लांब पण रुंदी जास्तीत जास्त 31, नकाशावर अगदी काकडी दिसते. जमिनीला भेगा पडून मधला पट्टा खचला म्हणून हा आकार. एका दिवसात पूर्ण चक्कर मारायला जाऊ नका, सायकलवाले दर जूनमध्ये रेसला 300 च्या वर किमी मारतात ते मारू देत.

सुरुवात दक्षिण टोकाला, यॉनशॉपिंगला करा. तिथे माचिसचं म्युझियम आहे (अंबरनाथचा विम्को कारखाना आठवतो ना, तो पण स्वीडिश कंपनीनेच काढलेला). मग किनाऱ्यावर जा. हिमयुगात बर्फाच्या ओझ्याने दबलेली इथली जमीन अजून वर येतेय, उत्तरेकडे जरा जास्त वेगाने, त्यामुळे परात एका बाजूने उचलली की पाणी दुसरीकडे जमतं ना, तसं तलावाचं पाणी हळूहळू या शहराच्या अंगावर येतंय.

पुढे ई-4 हायवेने ग्रेन्ना. तलाव डावीकडे राहतो, म्हणजे मजा ड्रायव्हरची, बाकीच्यांनी मागची डावी खिडकी पकडा. ग्रेन्नात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पेपरमिंटची कांडी मिळते, पोल्काग्रीस, अमालिया एरिक्सन नावाच्या विधवा बाईने 1859 ला हा धंदा सुरू केला. घ्या एखादी आणि थेट फेरीबोटीवर चढा, अर्ध्या तासाच्या आत वीसिंगसो बेट. गाडी न्यायची असेल तर आधी बुकिंग करा, पण मी म्हणेन गाडी इकडेच ठेवा आणि सायकल घ्या, बेट जेमतेम 14 किमी लांब आहे.

बेटाच्या दक्षिण टोकाला नेस किल्ल्याचे अवशेष आहेत, राजा माग्नुस लादुलोस 1290 ला तिथेच वारला. धक्क्याजवळ ब्राहे घराण्याचा वाडा, 1718 ला जळाला, आता नुसत्या भिंती. पण खरा वेळ द्यायचा तो ओकच्या जंगलाला. 1830 च्या दशकात नौदलाने जहाजांसाठी ही झाडं लावली, ती तयार झाली 1970 च्या दशकात, तोवर लाकडी युद्धनौका कोण बांधतंय! सरळसोट उभी आहेत अजून.

दुसऱ्या दिवशी वादस्तेनाचा किल्ला आणि संत बिर्गिताचं चर्च, मग मोताला. 1832 चा योता कालवा तिथे तलावाला मिळतो, आणि तलावाचं पाणी बाहेर पडतं तेही मोतालालाच. पाणी एकदम स्वच्छ, आसपासची शहरं हेच पितात. पण पोहायला उडी मारण्याआधी पाय बुडवून बघा, तळ 120 मीटरच्या आसपास खोल आहे, उन्हाळ्यातही पाणी हाडं गोठवतं.