जुनी मर्सिडीज उद्यमनगरात नेण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात जुनी गाडी ठेवणाऱ्याचं एक बरं असतं. जो पार्ट मिळत नाही म्हणून पुण्या-मुंबईचे लोक जर्मनीला मेल पाठवून वाट बघत बसतात, तो इथं शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे वर्कशॉपांच्या वस्तीत, करून मिळतो. ओतकामाचा पॅटर्न करणारा आहे, टर्नर आहे आणि शिरोलीच्या फाउंड्रीत कुणीतरी ओळखीचं निघतंच. पण हीच सोय अंगाशी येते. "मिस्त्री, ह्यात बोलेरोचं इंजिन बसंल काय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "बसतंय की!" आणि खरंच बसवतात. क्रॉस मेंबर (खालचा आडवा दांडा) कापतात, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) ठोकतात, लोखंडी पट्ट्या वेल्ड करतात. मग ती गाडी धड मर्सिडीज राहत नाही आणि बोलेरोही होत नाही.

माझा कल ओरिजिनलकडे आहे हे आधीच सांगतो, पण बदलाला माझा सरसकट विरोध नाही. उद्या मन फिरलं तर हे काढून पहिल्यासारखं करता येईल का, एवढं विचारायचं. पान्याने उघडणारा बदल चालतो. ग्राइंडर काढावा लागत असेल तर थांबा.

बिघाड सापडत नाही म्हणून गाडीच बदलणं

जास्तीत जास्त गाड्या हौसेने नव्हे, कंटाळ्याने बिघडवल्या जातात. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेतली २४० डी किंवा ३०० डी घ्या. किल्ली फिरवून काढून घेतली तरी इंजिन आपलं टकटक चालूच. हा या गाडीचा ठरलेला आजार आहे आणि त्यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे ट्रॅक्टरला असते तशी ओढायची स्टॉप केबल. त्यासाठी डॅशबोर्डला भोक पाडलं जातं. इंजिन बंद होतं, मिस्त्री खूश, मालकही खूश.

पण मूळ दुखणं तसंच राहतं. या डिझेल गाड्यांचं इंजिन विजेने नाही, व्हॅक्यूमने, म्हणजे हवा खेचून केलेल्या पोकळीने, बंद होतं. इंजिनवरचा पंप व्हॅक्यूम तयार करतो. तोच व्हॅक्यूम ब्रेक बूस्टरला जातो, दारांच्या सेंट्रल लॉकला जातो आणि किल्लीमार्फत डिझेल पंपावरच्या शटऑफलाही (डिझेल तोडणाऱ्या भागालाही) जातो. चाळीस वर्षांत दारातला एखादा रबरी पडदा चिरतो, तिथून हवा शिरते आणि इंजिन बंद करण्यापुरता जोर उरत नाही. म्हणजे इंजिन थांबत नाही, पण दोष मागच्या डाव्या दारात असू शकतो! केबल टाकून तुम्ही फक्त लक्षण झाकलं. गळती वाढत गेली तर ब्रेकच्या मदतीवरही परिणाम होऊ शकतो, ही गोष्ट जास्त गंभीर.

शोधायचं असं. बॉनेट उघडा, इंजिनवर 'स्टॉप' लिहिलेला खटका दिसेल. तो दाबला की इंजिन थांबतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही. मग सेंट्रल लॉककडे जाणारी बारीक नळी मुख्य लाइनपासून सोडवा आणि तिथलं तोंड एखाद्या छोट्या स्क्रूने घट्ट बुजवा. आता गाडी चालू करून किल्लीने बंद करून बघा. थांबली, तर दोष दारांत किंवा डिकीत. हाताने चालवायचा गेजवाला व्हॅक्यूम पंप घेऊन एकेक दार तपासायचं. काटा टिकत नाही ते दार सापडलं की काम झालं. गाडी तरीही थांबली नाही तर किल्लीकडे जाणारी तपकिरी नळी आणि डिझेल पंपावरचा शटऑफ बघा. नळीत ऑइल आलेलं दिसलं तर शटऑफचा पडदा फाटलाय. एवढ्यासाठी डॅशबोर्डला भोक कशाला?

दुसरा असाच प्रकार थर्मोस्टॅटचा. पन्हाळ्याच्या चढाला काटा वर गेला की सल्ला मिळतो, "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय?" साध्या रचनेच्या इंजिनात हे एकवेळ खपतं. या मर्सिडीजमध्ये मात्र इंजिन तापलं की थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा. बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं आणि गाडी आणखी तापते. तेव्हा थर्मोस्टॅटला हात लावण्याआधी पंख्याचा व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग) धरतोय का बघा, आणि रेडिएटरमध्ये किती वर्षं बोअरचं पाणी ओतलं गेलंय ते आठवा. क्षारांनी नळ्या बुजलेल्या असतात. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी यांवर पैसे वाचवू नका.

तिसरा प्रकार त्यानंतरच्या डब्ल्यू १२४ मालिकेचा. पुण्यात १९९५ पासून जी मर्सिडीज बनू लागली ती हीच, त्यामुळे आपल्या भागात तिची संख्या बऱ्यापैकी आहे. १९९३ ते १९९५ च्या सुमाराच्या अनेक पेट्रोल गाड्यांत इंजिनच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने बिस्किटासारखं चुरा होतं. आतल्या तारा एकमेकींना चिकटतात, गाडी झटके देते, आयडलिंग वरखाली होतं. मग कंप्युटर गेला म्हणून निदान होतं, नाहीतर "हे इंजिनच काढून टाकू" अशी भाषा सुरू होते. आधी कनेक्टरजवळचं रबरी टोपण हळूच मागे सरकवा आणि तार किंचित वाकवून बघा. आवरण तडकलं तर नवा हार्नेस (वायरिंगचा अख्खा जुडगा) करून घ्या. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन जुन्या हार्नेसच्या मापावर, उष्णता सोसणारी वायर वापरून हे काम इथंच करतो.

इंजिन बदलताना कागद विसरणं

जुन्या इम्पाला आणि डॉज गाड्यांत डिझेल इंजिन टाकायची आपल्याकडे फार जुनी रीत आहे. पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी पर्किन्सची इंजिनं बसवली आणि लग्नाच्या वरातींत त्या गाड्या राबवल्या. त्या काळाला नावं ठेवायचं कारण नाही. तशी गाडी आज हाती आली तर मूळ पेट्रोल इंजिन शोधत आयुष्य घालवू नका. तो बदलही आता त्या गाडीचा इतिहास झालाय. आरसी बुकात त्याची नोंद आहे का, तेवढं मात्र पैसे देण्याआधी बघा.

आज नव्याने असं काही करायचं तर कायदा कडक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीही अपघातानंतर नेमकं हेच शोधते.

काँटेसावाल्यांसाठी वेगळं सांगतो. हिंदुस्तान मोटर्सने नंतरच्या काळात तिला इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन दिलं. ते नीट बांधलं तर अजूनही पुरेसं आहे. तिला दुसरं इंजिन टाकण्याआधी हे ओव्हरहॉल करून एकदा गगनबावड्यापर्यंत चालवून बघा. निम्म्या लोकांचा विचार तिथंच बदलेल.

चाकं

डब्ल्यू १२३ ला मूळ १४ इंची चाकं, बऱ्याच गाड्यांना १९५/७० चा टायर. त्या जागी १७ इंची चकचकीत रिम घातली की फोटो छान येतो आणि गादीवर बसल्यासारखी ती चाल जाते. आपले रस्ते बघता रिमही जाते. पण खरा धोका बोल्टचा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. मर्सिडीजच्या अलॉय चाकाचे बोल्ट लांब असतात, लोखंडी रिमचे आखूड. चार चाकं अलॉय, स्टेपनी लोखंडी आणि रात्री हायवेला मागचं चाक पंक्चर, अशा वेळी हाताला येतात ते लांब बोल्ट. लोखंडी रिमला ते लावले की टोकं आत जाऊन हँडब्रेकच्या शूजना भिडतात. उलट, अलॉयला आखूड बोल्ट लावले तर दोन-चारच आटे धरतात आणि चाक निखळू शकतं. आखूड बोल्टचा एक संच पिशवीत घालून स्टेपनीलाच बांधून ठेवा.

लांबीवर (पुट्टीवर) रंग चढवणं

कोल्हापूरचा पाऊस आणि पत्रा यांचं जमत नाही. बॉनेट आणि काचेच्या मधल्या जाळीखाली झाडाचा पाला साचतो, निचऱ्याची भोकं बुजतात आणि पाणी गालिच्याखाली उतरतं. ही भोकं जूनच्या आधी तारेने मोकळी करणं फुकटातलं काम आहे, म्हणूनच कुणी करत नाही. गाडी विकत घेताना लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, चाकांवरचे कमानी भाग आणि जॅक लावायच्या जागा तपासा. चुंबक धरत नसेल तिथं पत्रा नाही, लांबी आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्याही नंतर पॉलिश होऊन बाजारात आल्या. डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात गाळाची रेघ राहते, ती पुसायचं विकणाऱ्याला सुचत नाही.

रंगाबद्दल दोनच गोष्टी. मूळ रंगाचा कोड डब्ल्यू १२३ मध्ये रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवरच्या प्लेटवर असतो. ती प्लेट डेंटरकडून हरवण्याआधी फोटो काढून ठेवा. आणि चासी नंबरवर ग्राइंडर किंवा लांबी फिरू देऊ नका. पासिंगच्या वेळी नंबराची पेन्सिल छाप नीट उठली नाही तर पुढची धावपळ तुमची.

ऊस आपलाच, पण टाकी जुनी

जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीतून निघालेलं इथेनॉल आपल्याच पंपावर आपल्याच टाकीत येतं. पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण आता २० टक्के आहे. उसाच्या बिलाचा आनंद वेगळा, पण जुन्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचे पडदे आणि कार्बोरेटरचे सील याला बनवलेले नाहीत. ते मऊ पडतात किंवा चिरतात. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली की सुरू व्हायला त्रास देते, मग दोष कार्बोरेटरवर येतो आणि दुसऱ्याच गाडीचा कार्बोरेटर पट्टी मारून बसवला जातो. त्याऐवजी सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला, टाकी उतरवून धुऊन घ्या, आतलं दिसेल असा पारदर्शक फिल्टर लावा आणि तो सुरुवातीला लवकर लवकर बदला. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय असं वाटलं तर कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) किंचित मोठा करता येतो. आणि गाडी उभीच राहणार असेल तर टाकीत महिन्यांचं पेट्रोल ठेवू नका.

ओरिजिनलचा अतिरेक

हीही चूकच. कंपनीचा म्हणून वीस वर्षांचा टायर ठेवणारे, कारखान्यातून आला तसा ब्रेकचा रबरी होज जपणारे लोक मी पाहिलेत. टायर, होज, बेल्ट, सीटबेल्ट यांना वय असतं, वारसा नसतो. हेडलाइटला रिले (बल्बचा करंट स्विचला टाळून देणारा विजेचा खटका) लावणंही योग्यच. नाहीतर १०० वॉटचे बल्ब घातले की सगळा करंट जुन्या स्विचमधून जातो आणि स्विच वितळतो. रिले लपवून बसवता येतो, काढताही येतो. जुन्या आर-१२ गॅसवरचा एसी १३४-ए या नव्या गॅसवर नेणं तर भागच आहे. फक्त कंप्रेसरचं जुनं ऑइल तसंच ठेवून नवा गॅस भरू देऊ नका, कंप्रेसर जाम होईल.

काढलेला प्रत्येक मूळ पार्ट चिठ्ठी लावून घरात ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका. त्याचा उपयोग पुढे कागदावरही होतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. डब्ल्यू १२३ बाजारात आली १९७६ मध्ये, म्हणजे पहिल्या खेपेच्या गाड्यांची ही वेळ २०२६ पासून येते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांनाच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. तेव्हा दर रविवारी तिच्यातूनच मिसळ खायला जायचं असेल तर साधं पासिंग चालू ठेवा.