फ्री डिशचं रेकॉर्डिंग संगणकावर न्यायचंय? आधी ही तयारी करा

सेट-टॉप बॉक्स विकत घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा: त्यावर केलेलं रेकॉर्डिंग संगणकावर उघडतं का? टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही यांसारख्या महिन्याला पैसे भरायच्या सेवांचे रेकॉर्डर कार्यक्रम एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक कुलूप लावून साठवतात आणि त्याची किल्ली फक्त त्याच बॉक्सजवळ असते. हार्ड डिस्क काढून संगणकाला जोडली तरी हाती काही लागत नाही. बॉक्स जळाला की साठवलेलं सगळं गेलं. केबलच्या बॉक्सची गत वेगळी नाही. त्यामुळे रेकॉर्डिंग जपायचं असेल, तर डीडी फ्री डिश हाच सरळ मार्ग. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही, आणि सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर आहेत.

बॉक्स डीव्हीबी-एस२ (उपग्रह प्रक्षेपणाची नवी पद्धत) आणि एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) चालवणाराच घ्या. निव्वळ एमपेग-२ चा जुना बॉक्स स्वस्त मिळतो, पण बऱ्याच वाहिन्या त्यावर दिसतच नाहीत. पुढे यूएसबीचं खोबण दिसलं म्हणजे रेकॉर्डिंग होतंच असं नाही. काही बॉक्स त्यातून फक्त गाणी आणि फोटो दाखवतात. म्हणून दुकानात जाताना रिकामा पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप सोबत न्या. पाच मिनिटं रेकॉर्ड करा, फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा, आवाज आणि चित्र दोन्ही येतात का ते बघा, फाइल पुढे-मागे सरकवून पाहा. दुकानदार कंटाळला तरी ही चाचणी सोडू नका, कारण बॉक्सच्या खोक्यावर हे कुठेच लिहिलेलं नसतं. मेनूत रेकॉर्डिंगचा प्रकार टीएस की पीएस असा विचारला जात असेल, तर टीएस निवडा. त्यात उपग्रहावरून आलेला प्रवाह जसाच्या तसा उतरतो आणि मधे एखादा तुकडा खराब झाला तरी पुढचं चालतं. बहुतेक बॉक्समध्ये ट्यूनर (वाहिनी पकडणारा भाग) एकच असतो, म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना दुसरी वाहिनी बघता येईलच असं नाही. ती त्याच ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे उपग्रहावरच्या अनेक वाहिन्या एकत्र पाठवणाऱ्या त्याच प्रक्षेपकावर असेल तरच दिसते. घरात याच वेळी मालिका बघणारं कोणी असेल, तर हे आधीच ठरवून घ्या.

आता साठवण. जागेचा हिशेब सोपा आहे: प्रवाहाचा वेग सेकंदाला किती मेगाबिट ते घ्या आणि ०.४५ नं गुणा, तासाला तितके जीबी लागतात. साध्या वाहिनीचा वेग ३ मेगाबिट धरला तर तासाला सुमारे १.३५ जीबी. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर चाळीसेक तास सहज मावतात. फाइल लिहायला वेग फार लागत नाही, साधा पेनड्राइव्हही पुरतो. खरा धोका खोट्या क्षमतेच्या मालाचा आहे. वर ६४ लिहिलेलं आणि आत ८ जीबीची चिप असेल, तर पहिले काही कार्यक्रम नीट उतरतात आणि पुढचे सगळे फुटके निघतात. नवा पेनड्राइव्ह आणला की एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमनं तो पूर्ण भरून तपासा. त्यानंतर बॉक्सच्याच मेनूतून फॉरमॅट करा. फॅट३२ या फॉरमॅटमध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, म्हणून लांब कार्यक्रमाचे बॉक्स आपोआप तुकडे पाडतो. तो बिघाड नव्हे. हार्ड डिस्क लावायची असेल तर तिला स्वतःची वीज द्या. यूएसबी २.० च्या खोबणीतून ५०० मिलिअँपिअरच मिळतात आणि डिस्क फिरायला सुरुवात होताना याहून जास्त मागते. टक-टक आवाज येऊन डिस्क दिसेनाशी झाली, तर बहुधा कारण हेच. टाइमशिफ्ट (चालू कार्यक्रम थांबवून मागे नेण्याची सोय) बंद ठेवा, नाहीतर तुम्ही काही रेकॉर्ड करत नसतानाही पेनड्राइव्हवर सतत लिहिलं जातं.

डिशचं तोंड जीसॅट-१५ या उपग्रहाकडे, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेला असतं. महाराष्ट्रातून ही दिशा साधारण आग्नेय येते. चित्र दिसतंय म्हणून समाधान मानू नका, मेनूतला सिग्नलचा दर्जा बघा. डिशवर येणाऱ्या कू बँडच्या लहरींना पाऊस मारक आहे, आणि टीव्ही बघताना क्षणभर उमटलेले चौकोन रेकॉर्डिंगमध्ये कायमचे राहतात. जूनआधीच डिशचे नट आवळा, एलएनबीच्या (डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या) जोडावर रबरी टोपी किंवा टेप लावा, गंजलेला कनेक्टर बदला.

टायमर लावण्याआधी वेळेचा पट्टा (टाइम झोन) अधिक ५:३० आहे का ते पाहा. तो चुकला की टायमर बिनतक्रार चालतो आणि कार्यक्रम मात्र निसटतो. सुरुवातीला पाच आणि शेवटी दहा मिनिटं जास्त धरा. बॉक्स रिमोटनं झोपवा, भिंतीवरचं बटण बंद करू नका. वीज जाणाऱ्या गावात बॉक्स इन्व्हर्टरवर घ्या. मधेच वीज गेली की फाइल नीट बंद होत नाही आणि कधीकधी शून्य बाइटची उरते. याच कारणानं रेकॉर्डिंग थांबवल्याशिवाय पेनड्राइव्ह उपसू नका.

संगणकावर नेताना आख्खा फोल्डर कॉपी करा. आत ०००, ००१ अशा नावांच्या टीएस फाइली आणि एखादी सूचीची छोटी फाइल असते; संगणकाला टीएस पुरते, पण कोणता तुकडा कशाचा हे फोल्डरच्या नावावरूनच कळतं. कॉपी होताच वाहिनी, कार्यक्रम आणि तारीख घालून नाव बदला. तुकडे जोडायला एमकेव्हीटूलनिक्स, जाहिराती कापायला लॉसलेसकट वापरा. दोन्ही मोफत आहेत आणि चित्र पुन्हा दाबत (कॉम्प्रेस करत) नाहीत. काप मुख्य फ्रेमवरच (ठरावीक अंतरानं येणाऱ्या पूर्ण चित्रावरच) बसतो, तेव्हा दोन्ही बाजूंना सेकंदभर सैल सोडा. हलत्या चित्रात आडव्या दातेरी रेघा दिसल्या तर घाबरू नका: प्रक्षेपण इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींनी पाठवलेलं असतं, व्हीएलसीत डीइंटरलेस चालू केलं की त्या जातात. मूळ फाइलला त्यासाठी हात लावू नका. फोनवर चित्र येतं आणि आवाज येत नाही, असं झालं तर आवाज एमपी२ स्वरूपात आहे. तेवढाच फोनला चालणाऱ्या एएसी स्वरूपात बदला, चित्र तसंच राहू द्या.

खासगी वापरासाठी, तसंच खऱ्याखुऱ्या शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी प्रक्षेपण रेकॉर्ड करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ मोकळीक देतं. यूट्यूबवर चढवणं त्यात बसत नाही.

शेवटी प्रत्येक फाइल सुरुवातीला, मधे आणि अखेरीस चालवून पाहा, दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत ठेवा, आणि मगच पेनड्राइव्ह बॉक्समध्ये घालून रिकामा करा.