जुनं दुर्मिळ घड्याळ विकताय? आधी ब्रासो खाली ठेवा

जुन्या घड्याळाचं सगळ्यात जास्त नुकसान ते विकायचं ठरलं की होतं. वर्षानुवर्षं लोखंडी कपाटात सुखरूप पडलेलं आजोबांचं फेवर-ल्युबा कुणीतरी "लय पैसे येतात म्हणे आता त्याचे" म्हणताच बाहेर निघतं, आणि घरातला एखादा उत्साही भाचा ब्रासो नाहीतर टूथपेस्ट घेऊन बसतो. पट्टा जिथे बसतो तिथल्या धारदार कडा गोल होतात, मागच्या झाकणावरचे आकडे पुसट होतात. चमक येते, किंमत जाते. जाणकार गिऱ्हाईक ओरखडे चालवून घेतं, घासलेली डबी, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, नाही.

त्याहून मोठी चूक डायलची. आठवडी बाजारात बसणारा घड्याळवाला आपलेपणानेच विचारतो, "काका, डायल नवी करून देऊ का?" नाही म्हणा. पिवळसर पडलेली, डागाळलेली, पण कारखान्यातून आली तशी असलेली डायल हीच जुन्या घड्याळाची खरी दौलत. एचएमटी पायलटच्या काळ्या डायली तर इतक्या रंगवल्या गेल्यात की संग्राहक पायलट पाहिलं की आधी संशयच घेतात. तुमच्या घड्याळाची डायल पूर्वीच कुणी रंगवली आहे का, ते भिंगातून दिसतं. मूळ छपाईची कड रेखीव असते. रंगवलेल्या अक्षरांची कड फुटते, मिनिटांच्या रेघा कमीजास्त अंतरावर पडतात, तारखेच्या खिडकीच्या काठावर रंग ओघळलेला असतो. काटे गंजलेले आणि डायल मात्र कालच छापल्यासारखी, असं असेल तर समजून घ्या. आणि रंगवलेली असली तर गिऱ्हाईकाला तसं सांगून टाका. ते पकडतंच.

सोन्याचा रंग दिसला की लोक थेट सराफाकडे जातात. मागे किंवा कडेला "२० मायक्रॉन" असं कोरलेलं असेल तर तो सोन्याचा मुलामा आहे, आत साधा धातू. खऱ्या १८ कॅरेटच्या डबीवर १८ के किंवा ७५० असा शिक्का सापडतो. मुलाम्याच्या घड्याळाला वजनावर काहीच मिळत नाही. त्याची किंमत संग्राहकाकडेच.

आता 'दुर्मिळ' या शब्दाबद्दल. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्या बातमीनंतर घरोघरची 'जनता', म्हणजे एचएमटीचं एक मॉडेल, एकदम दुर्मिळ झाली, निदान मालकांच्या मनात. साधी जनता गावागावांत निघते. वेस्ट एंड कंपनीची जुनी सोवार प्रायमा, फेवर-ल्युबाचं उंची मोजणारं १९६२ चं बिव्हुआक, किंवा सरकारी खात्याचं चिन्ह असलेलं एचएमटी, यांची गोष्ट वेगळी. आजोबा विदर्भातल्या नॅरोगेज शकुंतला रेल्वेत किंवा कोळसा खाणीत असतील आणि निवृत्तीला मिळालेल्या घड्याळावर त्यांचं नाव कोरलेलं असेल, तर ते घासून काढू नका. निरोप समारंभाचा फोटो, डबा, खरेदीची पावती, जे असेल ते सोबत ठेवा.

घड्याळ दोन मिनिटं चालून थांबत असेल तर बहुधा आतलं तेल वाळलंय. हलवून, ठोकून चालवू नका, सर्व्हिसिंग करून घ्या. पण काढलेला प्रत्येक मूळ भाग परत मागा. एकदम पुढे पळत असेल तर लोहचुंबक लागलेलं असू शकतं. कंपासची सुई जवळ न्या, जोरात फिरली तर घड्याळजीकडून चुंबकत्व काढून घ्या, पाच मिनिटांचं काम असतं. पावसाळ्यात काचेच्या आतून वाफ धरली तर तांदळाच्या डब्यात खुपसू नका आणि उन्हातही ठेवू नका. त्याच दिवशी घड्याळजीकडून उघडून घ्या, नाहीतर केसासारखी बारीक स्प्रिंग गंजते. तांदळाच्या डब्याभोवती पीठ-भुशाची धूळ असतेच, आणि आपल्याकडे विदर्भात कापसाचे तंतूही. घरी झाकण उघडण्याच्या फंदात पडू नका.

किंमत ठरवताना ऑनलाइन मागितलेले आकडे पाहू नका, विकले गेलेले पाहा. मागायला कुणीही लाख मागतं. डायल, मागचं झाकण, चावी आणि उघडलेलं मशीन यांचे दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो द्या. मशीनचा फोटो नसेल तर गंभीर गिऱ्हाईक पुढे बोलतच नाही.

"मी मिलिटरीत आहे, पैसे लगेच पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा" असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. शक्य असेल तर सौदा समोरासमोर करा, नागपूर-अमरावतीला बँकेच्या शाखेत भेटून. कुरिअरनेच पाठवायचं असेल तर पैसे खात्यात जमा झाल्याचं स्वतः बघा, पाकीट बंद करतानाचा व्हिडिओ काढा आणि विमा उतरवा.